निवासी डॉक्टर : विद्यार्थी की वेठबिगार?

(वाराणसी येथे मराठी भाषिक निवासी डॉक्टर, परिचारिका आणि नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शल्यतंत्राचा जो सर्वांत जुना ग्रंथ आपल्याकडे शिल्लक आहे, त्या सुश्रुतसंहितेची मांडणीच मुळी अध्यापनाची आहे, आणि तिचा संबंध थेट या नगरीशी आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी बोलतो आहे, सुश्रुत व त्याचे सहाध्यायी ऐकत आहेत, असा तो प्रसंग. ग्रंथाच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय हाताच्या सरावाविषयी आहे. छेद घेण्याचा अभ्यास शिष्याने कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा. शीर वेधणे मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर शिकावे. टाके जाड कापडाच्या कडांवर घालावेत. पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा करून घ्यावा. पुष्कळ पढलेला, परंतु हात न बसलेला शिष्य प्रत्यक्ष कर्माला अपात्र, असा निर्वाळा तेथे दिला आहे. त्याच सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याकडून आचरणाची हमी घेतली जाते. लगेच पुढे गुरूही एक हमी देतो : शिष्य नीट वागत असता आपण त्याच्याशी विपरीत वागलो तर पातक आपले, आणि आपली विद्या निष्फळ.

प्राचीन काळाचा गौरव करण्यासाठी मी हे सांगत नाही. तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत. त्याच दुसऱ्या अध्यायात शिष्य कोणत्या वर्णाचा असावा हेही सांगितले आहे, आणि शूद्राला उपनयन व मंत्र वगळून शिकवावे असे कोणी म्हणतात, एवढीच सवलत तेथे आहे. या बाजूकडे आपल्याला पुढे वळावे लागेल. तूर्त एवढेच ध्यानात घ्या, की शिकणाऱ्याचा हात आधी निर्जीव वस्तूवर बसावा आणि शिकवणाऱ्यावरही बंधन असावे, या दोन गोष्टी या शहराला नव्या नाहीत.

आता आजच्या काशीकडे येऊ. बनारस हिंदू विश्वविद्यालय १९१६ साली स्थापन झाले. तेथील आयुर्वेद महाविद्यालयातून १९६० साली वैद्यकीय विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि १९७१ साली त्याची वैद्यकीय विज्ञान संस्था झाली. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर सुंदरलाल यांच्या नावाचे रुग्णालय तिला जोडलेले आहे. पूर्व उत्तर प्रदेश, पश्चिम बिहार, झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेशाचा लगतचा भाग, शिवाय नेपाळ, एवढ्या प्रदेशातून रुग्ण येथे येतात. लंकेच्या चौकातून सिंहद्वारात शिरणारी गर्दी तुम्ही रोज पाहता. रुग्णाबरोबर आलेल्या माणसाला इकडे ‘तीमारदार’ म्हणतात. मराठीत आपण ‘नातेवाईक’ म्हणून मोकळे होतो. परंतु या शब्दात शुश्रूषा करणाऱ्याचा अर्थ आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. सरकारी रुग्णालयातील शुश्रूषेचा केवढा भार या विनावेतन माणसांवर आहे, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. के. एन. उडुपा हे शल्यविशारद. त्यांनी ताण या विषयावर संशोधन केले, ताणाने शरीरातील रासायनिक द्रव्यांत काय फरक पडतो हे मोजले, आणि ताणजन्य विकारांवर योगाचा उपयोग कसा करावा यावर १९७०च्या दशकात ग्रंथ लिहिला. म्हणजे डॉक्टरांच्या ताणाविषयी बोलण्यास काशीपेक्षा योग्य जागा मिळणे कठीण! उडुपांच्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु पुढे देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्या दिशेतला सर्वांत सोपा भाग तेवढा उचलला. एखाद्या निवासी डॉक्टरने जीव दिला की आठवडाभरात योगशिबिर भरते, एखादे ‘तणावमुक्ती’ व्याख्यान होते, भित्तिपत्रक लागते. ड्यूटीचा तक्ता मात्र होता तसाच राहतो. शिबिराला हजर राहण्यासाठीही ज्याला ड्यूटीतून सुटका मिळत नाही, त्याच्यासाठीच ते शिबिर असते!

माझे म्हणणे असे आहे की निवासी डॉक्टरांचा ताण हा मुळात कामाच्या संघटनेचा प्रश्न आहे. त्या संघटनेचे मर्म एका दुहेरी नावात आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणारा हा माणूस रुग्णालयाच्या दृष्टीने पूर्णवेळ कामगार आहे. तो एक दिवस हात आखडता घेईल तर तातडीचा विभाग बंद पडतो. परंतु त्याने तासांविषयी, सुटीविषयी, विश्रांतीच्या खोलीविषयी विचारले की त्याला सांगितले जाते : तू विद्यार्थी आहेस, शिकायला आला आहेस, कष्ट घेतल्याविना विद्या येत नाही. बरे, विद्यार्थी म्हणून त्याने शिकवणी मागितली, रात्री शस्त्रक्रिया करताना शेजारी शिक्षक मागितला, की उत्तर मिळते : येथे काम पडले आहे, आधी ते उरका. काम मागताना कामगार आणि हक्क मागताना विद्यार्थी! या दोन नावांच्या फटीत वर्षाला हजारो तरुणांची श्रमशक्ती जवळजवळ फुकट वापरली जाते, आणि त्यांचे शिक्षणही तेथेच गळून पडते.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा दिवस कसा जातो ते येथे बसलेल्यांना ठाऊक आहे, पण नागरिक मित्रांसाठी सांगतो. पहाटे रक्ताचे नमुने काढायचे. मोठ्या डॉक्टरांच्या फेरीपूर्वी प्रत्येक रुग्णाची नोंद पूर्ण ठेवायची. फेरीत ज्या तपासण्या ठरतात त्यांचे अर्ज लिहायचे, नमुने स्वतः प्रयोगशाळेत पोहोचवायचे, क्ष-किरण विभागात तारीख मागायला उभे राहायचे, रक्तपेढीतून रक्ताची पिशवी आणायची, ट्रॉली ढकलायला कोणी नसेल तर ट्रॉलीही ढकलायची. मग बाह्यरुग्ण विभाग. मग संध्याकाळची फेरी. मग इमर्जन्सीची पाळी, जी दुसऱ्या दिवशी सकाळी संपते असे कागदावर असते. प्रत्यक्षात सकाळी नवा दिवस सुरू होतो आणि हाच माणूस तो दिवसही भरतो. छत्तीस तास हा आकडा म्हणूनच सर्वांच्या तोंडी आहे.

यातील किती काम डॉक्टरचे आहे? नमुना पोहोचवणे वॉर्डबॉयचे, अर्ज लिहिणे लिपिकाचे, अहवाल शोधून आणणे हे ज्या संस्थेत यंत्रणा धड आहे तेथे कोणाचेच नसते. आपल्या महाराष्ट्रातील रुग्णालयांत ज्यांना मामा आणि मावशी म्हणतात त्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांची पदे रिकामी ठेवली, कंत्राटी केली. परिचारिकांची भरती लांबवली. वरिष्ठ निवासी व साहाय्यक प्राध्यापकांच्या जागा भरल्या नाहीत. त्या प्रत्येक रिकाम्या खुर्चीचे काम पायरी पायरीने खाली घरंगळत आले आणि शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या मुलाच्या अंगावर पडले. २०२३च्या जानेवारीच्या आरंभी महाराष्ट्रातील निवासी डॉक्टर संपावर गेले तेव्हा त्यांच्या मागण्यांत वसतिगृहांची दुरवस्था होती आणि वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करण्याची मागणी होती. आपल्याला झेपत नाही एवढे म्हणून ते थांबले नाहीत; किती माणसे कमी पडतात ते त्यांनी मोजून दाखवले. ताणाच्या प्रश्नावरील अनेक परिसंवादांपेक्षा मला ही मागणी अधिक शास्त्रीय वाटते.

आता तासांकडे वळू. येथे इतिहास फार बोलका आहे. ५ जून १९९२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निवासी डॉक्टर योजनेसंबंधी निर्देश काढले. सलग काम सामान्यतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे, कनिष्ठ निवासी डॉक्टरने आठवड्याला ४८ तास काम करावे आणि त्याला पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे त्यात म्हटले आहे. सोबत पळवाटही आहे : कामाचा बोजा आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून रुग्णालयाने लवचीकता ठेवावी. त्या शेपटीने मूळ अंग केव्हाच गिळून टाकले. तरीही आकडा कागदावर होता. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३चे पदव्युत्तर शिक्षण विनियम केले. त्यांत पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणून काम करतील, ‘वाजवी’ तास काम करतील आणि त्यांना ‘वाजवी’ विश्रांती मिळेल, असे लिहिले आहे. आकडा गेला, विशेषण आले. वाजवी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? ज्याला माणसे कमी पडताहेत तोच!

नंतर आयोगाने नेमलेल्या कार्यदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील आपला अहवाल २०२४ साली दिला. तीस हजारांवर विद्यार्थ्यांनी आणि सात हजारांवर अध्यापकांनी त्यांच्या प्रश्नावल्या भरून दिल्या होत्या. स्वेच्छेने भरलेल्या प्रश्नावलीला मर्यादा असतात, ज्याला दुखते तो आधी बोलतो. हे मान्य करूनही त्यातील आकडे अस्वस्थ करणारे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करत होते. निम्म्याहून अधिकांना साप्ताहिक सुटी नव्हती. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला असे सांगणारे सुमारे ३१ टक्के होते. त्याआधी माहिती अधिकारात बाहेर आलेल्या माहितीप्रमाणे पाच वर्षांत शंभराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि हजाराहून अधिकांनी अभ्यासक्रम सोडला. सोडणाऱ्यांतील फार मोठा भाग पदव्युत्तरांचा होता. विचार करा, ज्या जागेसाठी या मुलांनी वर्षानुवर्षे प्रवेशपरीक्षा दिल्या, घरच्यांनी जमीन गहाण टाकली, ती जागा सोडून ती जातात. कित्येक राज्यांत जागा सोडणाऱ्याकडून लाखो रुपयांचा दंड घेतला जातो. तो रद्द करण्याविषयी आयोगानेच २०२४च्या आरंभी राज्यांना लिहिले. नोकरी सोडायची असेल तर आधी कर्ज फेड, असे जेथे सांगितले जाते त्या व्यवस्थेला आपल्या ग्रामीण भागात काय म्हणतात ते मी सांगायला नको. माझ्या भाषणाच्या मथळ्यातील शब्द तेथून आला आहे.

कार्यदलाची शिफारस काय होती? आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नसावे : एक सुटी, एक २४ तासांची पाळी आणि दहा-दहा तासांचे पाच दिवस. सध्याच्या परिस्थितीत ही शिफारस पाळली गेली तरी अनेकांना हायसे वाटेल, हे मी जाणतो आणि म्हणून तिला हसत नाही. पण १९९२ साली ४८ आणि २०२४ साली ७४, या दोन आकड्यांमधील बत्तीस वर्षांत देशात वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या कितीतरी वाढली, पदव्युत्तर जागा वाढल्या, हेही विसरू नका. डॉक्टर वाढले आणि मर्यादा वर सरकली!

मराठी श्रोत्यांसमोर आहे म्हणून एक तारीख सांगतो. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, अपघातात जखमी झालेल्यास पगार, अशा त्या मागण्या होत्या. सहा वर्षे झगडल्यावर, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. तेव्हा मालकही हेच म्हणत होते की यंत्र थांबवणे परवडत नाही. परळच्या गिरणीत निरक्षर कामगाराने १८९० मध्ये जे मिळवले, ते त्याच परळच्या आसपासच्या रुग्णालयांत एम. डी. करणाऱ्या डॉक्टरला आजही मागावे लागते. १९४८च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराचा आठवडा ४८ तासांचा केला. निवासी डॉक्टर त्याच्या कक्षेबाहेरच राहिला, कारण रुग्णालय कारखाना नव्हे आणि डॉक्टर कामगार नव्हे. उदात्त धंदा आहे ना आपला! उदात्तपणाचा मोबदला तासांत मोजून घेण्याची ही युक्ती शिक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका या सर्वांच्या बाबतीत वापरली गेली आहे.

‘निवासी’ हा शब्द तरी आला कोठून? अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले, आणि तेथे विल्यम ऑस्लर व विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत घातली. शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, बहुधा अविवाहित असायचा, आणि दिवसरात्र हाकेच्या अंतरावर असायचा. हॉल्स्टेड हा असामान्य शल्यविशारद. पण तो कोकेनच्या आणि पुढे मॉर्फीनच्या व्यसनात अडकलेला होता, हेही वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. ज्या साच्यात आजचा निवासी डॉक्टर ओतला जातो, तो अशा काळाचा आहे. तेव्हाच्या रुग्णालयात आजच्याइतकी यंत्रे नव्हती, औषधे नव्हती, दर तासाला बदलणारे अहवाल नव्हते. अंथरुणाशी बसून राहणे हाच उपचाराचा मोठा भाग होता. आज त्याच चोवीस तासांत कामाची दाटी कितीतरी पटींनी वाढली आहे.

न्यूयॉर्कमध्ये मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे प्रशिक्षणार्थी डॉक्टर थकलेले होते आणि त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती, हा मुद्दा तिच्या वडिलांनी, ते पत्रकार होते, वर्षानुवर्षे लावून धरला. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती सर्व अमेरिकेत आली. युरोपात शिकाऊ डॉक्टरांसाठी २००९पासून ४८ तासांचा आठवडा लागू झाला. तेथे सर्व आलबेल आहे असे नाही, नियम पाळला गेल्याच्या खोट्या नोंदी तेथेही होतात. पण मोजण्याची पद्धत बसली.

विज्ञान काय सांगते? सतरा तास सलग जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतक्या मंदावतात आणि चोवीस तासांनंतर त्या ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातात, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवले. आपल्या देशात रक्तात ०.०३ टक्के मद्यार्क सापडला तरी मोटार चालवणे गुन्हा ठरते. बोस्टनमधील एका अतिदक्षता विभागात २००४ साली तुलना झाली : जुन्या लांब पाळ्यांत शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक झाल्या. या दोन अभ्यासांनंतर थकव्याला चारित्र्याची कसोटी मानणे हे अज्ञान आहे, आणि ज्ञानी माणसाने ते चालू ठेवणे हे त्याहून वाईट.

यावर ज्येष्ठ शिक्षक एक आक्षेप घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पाळ्या लहान केल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात अधिक वेळा जातो. प्रत्येक हस्तांतरात काही माहिती गळते. शिवाय ज्याने रुग्ण पहिल्या तासापासून पाहिला त्याला रोगाचा ओघ कळतो, तुकड्यातुकड्यांनी पाहणाऱ्याला कळत नाही. हे खरे आहे. गेल्या दशकात अमेरिकेत शल्यविभागांत व मेडिसीन विभागांत मोठ्या प्रमाणावर तुलनात्मक प्रयोग झाले, आणि पाळीची लांबी सैल ठेवल्याने मृत्यू वाढले असे त्यांत दिसले नाही. आपल्याकडील मंडळी हा निष्कर्ष आनंदाने सांगतात. मात्र त्या प्रयोगांतील दोन्ही गट आठवड्याच्या ८० तासांच्या आतलेच होते, हे सांगायला विसरतात. आणि हस्तांतरात माहिती गळते तर हस्तांतर शिकवावे लागते : लेखी, समोरासमोर, रुग्णाच्या खाटेशी, वरिष्ठाच्या उपस्थितीत. तो एक उत्तम धडा आहे. किती विभागांत तो शिकवला जातो?

शिक्षणाचा प्रश्न खरा येथेच आहे. रात्री दोन वाजता पोट फाटलेला रुग्ण येतो. पहिल्या वर्षाचा दुसऱ्या वर्षाच्याला उठवतो, दुसऱ्या वर्षाचा तिसऱ्या वर्षाच्याला विचारतो, आणि प्राध्यापकांना फोन करण्याचे धाडस तिसऱ्या वर्षाच्यालाही होत नाही, कारण मागच्या वेळी ‘एवढेही येत नाही का’ असे ऐकावे लागलेले असते. मग जे होते त्याला शिक्षण म्हणायचे की जुगार? कोहळ्यावर हात बसवून घेण्याची पायरी गाळली, आणि कोहळ्याच्या जागी गाझीपूरचा किंवा सासारामचा शेतमजूर आला. श्रीमंताच्या पोटावर कोणी असे शिकत नाही. तो खाजगी रुग्णालयात जातो आणि अनुभवी हात विकत घेतो. सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्ण आणि त्याच्यावर रात्री एकट्याने शस्त्रक्रिया करणारा निवासी डॉक्टर, दोघेही एकाच काटकसरीचे बळी असतात. मात्र रात्रीच्या त्या गोंधळात ते एकमेकांसमोर शत्रू म्हणून उभे केले जातात.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात हेच घडले. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला होता. मेंदूचा शल्यविशारद तेथे नव्हता. ही गोष्ट नातेवाइकांना सांगण्याचे काम निवासी डॉक्टरच्या वाट्याला आले, आणि त्याला एवढी मारहाण झाली की एका डोळ्याची दृष्टी गेली. महाराष्ट्रात अशा हल्ल्यांविरुद्ध २०१० सालचा कायदा होता. त्याने तो डोळा वाचला नाही. निवासी डॉक्टर संपावर गेले, सुरक्षारक्षक नेमले गेले, नातेवाइकांना पास सुरू झाले. रक्षक हवेत, यात वाद नाही. परंतु मेंदूचा शल्यविशारद नसल्याचा राग, जागा रिकामी ठेवणाऱ्या मंत्रालयापर्यंत कधीच पोहोचत नाही. तो तातडीच्या विभागातील पहिल्या पांढऱ्या कोटावर फुटतो.

आणि सर्वांवर हा भार सारखा पडत नाही. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी ही मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. खटला न्यायालयात गेला, त्यावर मी येथे निवाडा देणार नाही. तिच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासह त्याच वर्षी उच्चशिक्षणातील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जेथे सर्वांना अपमान सोसावा लागतो तेथे एखाद्याचा अपमान जातीचा आहे हे सिद्ध करणे कठीण होते. ‘आम्हालाही असेच वागवले होते’ हे वाक्य सर्व काही झाकून टाकते. कोणाला शस्त्रक्रियेत हात लावू द्यायचा आणि कोणाला तीन वर्षे कागद लिहायला बसवायचे, याचे अधिकार ज्या उतरंडीत तोंडी दिले जातात, तेथे सुश्रुताच्या दुसऱ्या अध्यायातील ती जुनी वर्णाची ओळ नव्या वेशात जगते. राखीव जागेवर आलेल्या मुलीला वर्गात प्रवेश मिळाला. शस्त्रक्रियागृहातला प्रवेश अद्याप कोणाच्या तरी मर्जीवर आहे.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी डॉक्टर महिलेवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. दीर्घ पाळीत थोडे पडावे म्हणून ती सभाकक्षात गेली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि छत्तीस तासांच्या पाळ्यांना अमानुष म्हटले. या गुन्ह्यावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातील एक साधी गोष्ट सतत टोचते : रात्रभर काम करणाऱ्या डॉक्टरला पाठ टेकायला दाराला कडी असलेली एक खोली नव्हती. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, कडी असलेले दार, या गोष्टी ‘मानसिक आरोग्य’ या सदरात येत नाहीत म्हणून त्यांवर परिसंवाद होत नाहीत.

येथे जे कोणी सध्या आतून खचलेले असतील त्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा २०२२पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर. ती वापरा, मित्राला सांगा, औषध लागले तर घ्या. ताणाचे कारण कामात आहे म्हणून आजाराला उपचार नको, असा अर्थ माझ्या बोलण्याचा काढू नका. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती भरते, म्हणून छातीवर औषध घ्यायचे नाही असे कोणी म्हणत नाही.

मग मागायचे काय? पहिली मागणी अगदी रुक्ष आहे. प्रत्येक विभागाचा प्रत्यक्ष ड्यूटीचा तक्ता, म्हणजे ठरलेला नव्हे तर घडलेला, दर आठवड्याला वॉर्डाच्या दारावर लावला जावा. त्यावर निवासी डॉक्टरची सही असावी, आणि महाविद्यालयाची मान्यता तपासताना तो तपासला जावा. खाटा, ग्रंथालयातील पुस्तके, खोल्यांचे क्षेत्रफळ हे सारे तपासले जाते, मग जागरणाचे तास का तपासू नयेत? दुसरी मागणी, रात्रीच्या पाळीत विभागाचा एक पात्र शिक्षक आवारात हजर असावा, फोनवर नव्हे. आणि तिसरी तुम्ही एकट्याने मागून मिळणार नाही : परिचारिका, तंत्रज्ञ, लिपिक, चतुर्थ श्रेणी कर्मचारी यांच्या रिकाम्या जागा भराव्यात, कायम स्वरूपात भराव्यात. निवासी डॉक्टरांचे संप बहुतेक वेळा एकाकी पडले, कारण त्यांनी आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मावशींना कधी सोबती मानले नाही. त्यांच्या कंत्राटाविरुद्धच्या लढ्यात आपण कोठे होतो, हा प्रश्न डॉक्टरांच्या संघटनांनी स्वतःला विचारावा. तीमारदारांनाही हे समजावून सांगता येते. संपाच्या दिवशी बंद दारावर चिकटवलेल्या पत्रकातून ते समजत नाही. एरवीच्या दिवशी, ते तुमच्याच जिन्यावर बसलेले असताना, दहा मिनिटे त्यांच्याशी बोललात तर समजते.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. आपल्यापैकी काहींना नऊच्या पाळीला जायचे आहे, असे सूत्रसंचालकांनी मघाशीच सांगितले. तेव्हा चर्चेत पहिल्यांदा त्यांनी बोलावे. बाकीचे प्रश्न आपण नंतर घेऊ.